बोटांचे ठसे आणि माणसाचें खाजगीपण

जुन्या मराठी दप्तरांतील कागद चाळूं लागलें म्हणजे कित्येक कागदांच्या शेवटीं नांगराचें एक लहानसें चित्र काढलेलें आढळतें. त्याच्याजवळ ‘निशाणी नांगर’ असे शब्द असतात. गांवचा पाटील लिहिणारा असेच असें नाहीं; पण वतनाच्या कागदावर त्याची साक्ष तर हवीच असे. मग तो आपल्या शेतकीचें चिन्ह कागदावर करी, आणि जमलेल्या गोताला तेवढें पुरे होई. कारण हा पाटील कोण, हें त्या सभेंतील प्रत्येकास ठाऊक असे. वास्तविक तसलाच नांगर दुसऱ्या गांवचा पाटीलही काढूं शके. ओळख कागदांत नव्हती; ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांत होती.

निशाणीच्या जागीं अंगठा आला आणि हें सारें बदललें. अंगठ्याच्या ठशाला गोताची गरज लागत नाहीं. ज्यानें त्या माणसाचें तोंड कधीं पाहिलें नाहीं असा अधिकारी शेंकडों कोसांवर बसून सांगूं शकतो कीं, हा तोच मनुष्य. ही सोय फार मोठी आहे आणि तिच्यांतील धोकाही लहान नाहीं. माणसाचें खाजगीपण व सरकारची पाळत यांचा जो वाद आज संगणकाच्या युगांत देशोदेशीं चालू आहे, त्याचा एक धागा मागें मागें नेला तर तो या शाईच्या डागाशीं येऊन पोंचतो. अर्वाचीन काळांत त्या डागाला सरकारी कारभारांत पद्धतशीर स्थान मिळालें तें प्रथम हिंदुस्थानांत. म्हणून या ठशाचा इतिहास येथील लोकांना परका नाहीं.

इ. स. १८५८ चा जुलै महिना होता. सत्तावनच्या उठावाची धग अद्याप पुरती निवालेली नव्हती. बंगाल्यांत भागीरथीच्या कांठीं जंगीपूर येथें विल्यम जेम्स हर्शेल नांवाचा पंचवीस वर्षांचा मुलकी अधिकारी काम पाहत होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या प्रसिद्ध ज्योतिर्विदाचा हा नातू. रस्त्यासाठीं खडी पुरविण्याचा मक्ता त्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या एका स्थानिक इसमास दिला. करारनामा लिहून झाला, तेव्हां हर्शेलनें त्याच्या तळहाताला कचेरींतील शिक्क्याची शाई लावविली आणि कागदाच्या पाठीवर त्याचा पंजा उमटवून घेतला. यांत शास्त्र असें कांहींच नव्हतें. ही सही आपली नव्हे, असें पुढें म्हणण्याची त्या मक्तेदाराची छाती होऊं नये, एवढाच हेतु होता. हर्शेलनें स्वतःच तसें नमूद करून ठेवलें आहे. ठशाचा जन्म असा अविश्वासांतून झाला.

हर्शेलला मात्र त्या पंज्याचा छंद लागला. तो स्वतःचे, मित्रांचे व सहकाऱ्यांचे ठसे घेऊं लागला, आणि कांहीं वर्षांनीं तींच बोटें पुन्हां उमटवून ताडून पाहूं लागला. वय वाढतें, तोंडावर सुरकुत्या येतात, अक्षर बदलतें. पण बोटांवरच्या रेषा जशाच्या तशा राहतात, असें त्याला दिसून आलें. पुढें १८७७ सालीं तो हुगळीचा मॅजिस्ट्रेट असतांना त्यानें या ज्ञानाचा कारभारांत उपयोग केला. पेन्शन घेणारा मेला तरी त्याच्या नांवावर दुसराच कोणी पैसे उचली. तो प्रकार बंद व्हावा म्हणून पेन्शनरांचे ठसे घेण्यांत येऊं लागले. दस्त नोंदविणाऱ्यानें मागाहून तो नाकबूल करूं नये, म्हणून नोंदणीच्या पुस्तकांत ठसा आला. शिक्षा एकाला व्हावी आणि तुरुंगांत दुसऱ्यानेंच जाऊन बसावें, असेंही घडत असे. म्हणून कैद्यांचा ठसा आला. त्या वर्षीं ऑगस्टांत त्यानें ही पद्धत अधिक विस्तारानें चालू करावी असें वरिष्ठांना सुचविलें. पण त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं, आणि दुसऱ्या वर्षीं तो स्वदेशीं परतला.

हुगळींतील या उपयोगांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तेथें ठशाला विचारलेला प्रश्न एकच होता : हा मनुष्य तोच आहे काय? पेन्शनर आपला हक्क मागावयास स्वतः कचेरींत येई आणि आपली ओळख पटविण्यासाठीं बोट पुढें करी. त्याचा ठसा त्याच्याच पैशाचें रक्षण करी. एखाद्या अपरिचिताचा माग काढण्यासाठीं तो ठसा वापरतां येत नव्हता. कारण हजारों ठशांतून एक हुडकून काढण्याची युक्ति तेव्हां कोणालाच साधलेली नव्हती.

ती युक्ति साधण्यास आणखी वीस वर्षे लागलीं. टोकियो येथील इस्पितळांत काम करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या स्कॉटिश डॉक्टरनें १८८० सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत पत्र लिहून गुन्हेगार शोधण्याच्या कामीं बोटांचे ठसे उपयोगीं पडतील, असें सुचविलें. फ्रान्सिस गॉल्टन यानें १८९२ सालीं या विषयावर ग्रंथ लिहून ठशाचें स्थैर्य व वेगळेपण शास्त्रीय रीतीनें मांडलें. अडचण राहिली ती एकच : कपाटांत लाखभर ठसे सांठले, तर हवा तो ठसा हातीं लागावा कसा?

ही अडचण कलकत्त्यास सुटली. बंगालच्या पोलीसखात्याचा मुख्य एडवर्ड हेन्री याच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस असे दोन हिंदी अधिकारी काम करीत होते. सामुद्रिक पाहणारे लोक बोटांच्या अग्रांवरील रेषांना शंख आणि चक्र अशीं नांवें देतात. कलकत्त्याच्या पद्धतीचा पाया बहुतेक तोच होता. दहा बोटांच्या पांच जोड्या करावयाच्या; ज्या बोटावर चक्र असेल त्याला त्याच्या जोडीच्या क्रमाप्रमाणें १६, ८, ४, २ किंवा १ असा अंक द्यावयाचा; चक्र नसेल तर शून्य. जोडींतील एका बोटाचा अंक वरच्या बेरजेंत, दुसऱ्याचा खालच्या बेरजेंत. दोन्ही बेरजांत एकेक मिळविला म्हणजे प्रत्येक बेरीज १ ते ३२ यांच्या दरम्यान येते. म्हणजे बत्तीस गुणिले बत्तीस, एकूण १,०२४ खण. कोणाही माणसाच्या दहा बोटांचा कागद यांपैकीं एका ठराविक खणांत पडतो आणि शोधणाऱ्याला तेवढाच खण उघडावा लागतो. या गणिताचें बरेंच श्रेय हक यांच्याकडे जातें. जगांत मात्र ती ‘हेन्री पद्धति’ म्हणून गाजली; हक व बोस यांच्या वांट्याला पदव्या आणि बक्षिसी आली, तीही पुष्कळ उशिरां. हिंदुस्थान सरकारनें १८९७ च्या जूनमध्यें ही पद्धत मान्य केली, त्याच वर्षीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, १८९९ मध्यें पुराव्याच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाची साक्ष ग्राह्य झाली, आणि १९०१ सालीं लंडनच्या स्कॉटलंड यार्डानेंही हीच रीत उचलली.

खणांच्या या कपाटानें ठशाला विचारावयाचा प्रश्नच बदलून टाकला. ‘हा तोच आहे काय’ याच्या जागीं ‘हा आहे तरी कोण’ हा प्रश्न आला. पहिला प्रश्न हक्क मागावयास आलेल्या माणसाला तोंडावर विचारला जातो. दुसरा प्रश्न कोणाहीविषयीं, त्याला न कळवितां, त्याच्या पाठीमागें विचारतां येतो. खुनी व दरोडेखोर यांना पकडण्यास या दुसऱ्या प्रश्नाचें साहाय्य अमोल झालें, हें कोणीही नाकारणार नाहीं. परंतु कपाट तयार झालें म्हणजे त्यांत कोणाकोणाला बसवावयाचें हें ठरविणारी सत्ताही जन्मास येते. या सत्तेचा वापर कसा झाला, याचीं दोन उदाहरणें बोलकीं आहेत. एक घरचें आणि एक आफ्रिकेंतलें.

घरचें उदाहरण म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. प्रथम तो उत्तरेंत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्यानें त्याची व्याप्ति मुंबई व मद्रास इलाख्यांवरही आली, आणि नोंद झालेल्या इसमाच्या बोटांचे ठसे केव्हांही घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा जमातींतील माणसांचीं नांवें वह्यांत चढलीं. त्यांना ठराविक ठिकाणीं हजेरी द्यावी लागे. गांव सोडावयाचें तर परवाना लागे. सोलापुरास अशा लोकांसाठीं जी वसाहत झाली, तिला लोक ‘सेटलमेंट’ म्हणूं लागले, आणि तें नांव शहरांत पुढेंही राहिलें. या वसाहतींतील माणसें सोलापूरच्या गिरण्यांतून राबत आणि हजेरीच्या वेळीं परत येत. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं आयुष्यांत कसलाही गुन्हा केलेला नव्हता. केलेल्या गुन्ह्याचा शोध घेण्यासाठीं निघालेली विद्या येथें होऊं घातलेल्या गुन्ह्याच्या संशयावर चालूं लागली, आणि बापाचा संशय मुलाच्या बोटांना चिकटला. स्वतंत्र भारतांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. तो दिवस भटक्या-विमुक्त लोक अजूनही विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु कायद्याची वही मिटली तरी संशयाची वही मिटावयास फार काळ लागतो, हें या जमातींना पुढेंही सोसावें लागलें.

दुसरें उदाहरण ट्रान्सवालचें. तेथील सरकारनें १९०६ च्या ऑगस्टांत एक मसुदा प्रसिद्ध केला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसानें आपलें नांव नोंदवावें, दहाही बोटांचे ठसे द्यावेत, मिळालेला दाखला सदैव जवळ बाळगावा, आणि पोलीस मागेल तेव्हां व मागेल तेथें तो दाखवावा, असें त्यांत होतें. दाखला तपासण्यासाठीं पोलिसाला खाजगी घरांतही शिरण्याची मुभा होती. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्ग येथील एम्पायर नाटकगृहांत हिंदी लोकांची प्रचंड सभा भरली आणि ईश्वराला स्मरून सर्वांनीं शपथ घेतली कीं, हा कायदा झाला तर तो मानावयाचा नाहीं. सत्याग्रहाचा उगम तेथें झाला. पुढील वर्षीं कायदा झाला, आणि १९०८ च्या जानेवारींत गांधीजी तुरुंगांत गेले.

यानंतर जें घडलें तें फार अर्थपूर्ण आहे. महिना संपतां संपतां जनरल स्मट्स यांच्याशीं तडजोड झाली : हिंदी लोकांनीं आपखुषीनें नोंदणी करावी, म्हणजे सक्तीचा कायदा मागें घेतला जाईल. गांधीजी आपखुषीनें ठसे द्यावयास तयार झाले. कित्येकांना ही फितुरी वाटली. १० फेब्रुवारीस नोंदणीच्या कचेरीकडे जात असतां मीर आलम व त्याचे सोबती यांनीं त्यांच्यावर हल्ला केला आणि ते रस्त्यांत बेशुद्ध पडले. पाद्री डोक यांच्या घरीं अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनीं अधिकाऱ्यास कागद घेऊन बोलावलें आणि आपले ठसे दिले. जो ठसा सक्तीनें देण्यापेक्षां तुरुंग पत्करला, तोच ठसा त्यांनीं जखमी अवस्थेंत स्वतःहून दिला. शाई तीच आणि बोटेंही तींच होतीं. फरक होता तो एवढाच कीं, पहिल्या वेळीं हात धरला जात होता आणि दुसऱ्या वेळीं तो दिला गेला. पुढें, कायदा मागें घेण्याचें वचन पाळलें गेलें नाहीं असें हिंदी लोकांस दिसून आलें, तेव्हां १६ ऑगस्ट १९०८ रोजीं हमीदिया मशिदीच्या आवारांत दोन हजारांहून अधिक दाखले एका मोठ्या कढईंत घालून जाळण्यांत आले. मनुष्य एकदां दिलेली संमति परतही घेऊं शकतो, असा त्या अग्नीचा अर्थ होता.

या अनुभवांतून गेलेल्या देशानें आपल्या घटनेंत खाजगीपणाचा हक्क स्पष्ट शब्दांनीं लिहावा, अशी अपेक्षा कोणीही करील. डॉ. आंबेडकरांनीं १९४७ सालीं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या आपल्या मसुद्यांत माणसाचें शरीर, घर व कागदपत्रें यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावें, असें कलम घातलें होतें. घटनासमितींतही मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं १९४८ च्या डिसेंबरांत तशाच अर्थाची उपसूचना मांडली. पण ती घटनेंत आली नाहीं. त्यामुळें प्रश्न न्यायालयांकडे गेला. १९५४ सालीं सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनीं झडतीच्या एका खटल्यांत असा हक्क मान्य केला नाहीं. १९६२ सालीं खडकसिंग यांचा खटला आला. दरोड्याच्या आरोपांतून हे गृहस्थ पुराव्याअभावीं सुटले होते. तरी पोलिसांनीं त्यांची वही उघडली होती आणि रात्रीं-अपरात्रीं त्यांचें दार ठोठावण्याचा परिपाठ ठेवला होता. कोर्टानें रात्रींची ती झडती घटनाबाह्य ठरविली. पण खाजगीपण हा मूलभूत हक्क नाहीं, असेंही बहुमतानें सांगितलें. न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं मात्र भिन्न मत लिहिलें कीं, माणसाच्या स्वातंत्र्यांतच त्याचें खाजगीपण सामावलेलें आहे. तें मत पंचावन्न वर्षें ग्रंथांत पडून राहिलें.

मध्यंतरीं जग बदललें. कपाटाची जागा संगणकानें घेतली. महाराष्ट्रांत नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितींत ‘आधार’चे पहिले क्रमांक देण्यांत आले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांतील बुबुळांचीं चित्रें, एक छायाचित्र आणि त्यांवर बारा आंकड्यांचा क्रमांक. योजनेचा उद्देश उघड होता : ज्याच्यापाशीं कसलाही कागद नाहीं, अशा गरिबाला ओळख मिळावी आणि त्याच्या नांवचें धान्य व पैसा मध्येंच कोणी गिळूं नये. २०१४ सालीं पेन्शनरांसाठीं ‘जीवन प्रमाण’ ही सोय निघाली. हयातीचा दाखला बोट टेकवून देतां येऊं लागला. हुगळीच्या कचेरींतील १८७७ चा उद्देश आणि हा उद्देश यांत तत्त्वतः कांहींही अंतर नाहीं.

अंतर आहे तें दुसरीकडे. हुगळीचें नोंदणीपुस्तक हुगळींतच राही. पेन्शनची वही तुरुंगाच्या वहीला भेटत नसे. संगणकांतील नोंदींना मात्र अंतर म्हणून उरत नाहीं. धान्याची वही, बँकेची वही, दूरध्वनीची वही आणि प्राप्तिकराची वही, या सर्वांवर एकच क्रमांक पडला, तर त्या वह्या एकमेकींना जोडतां येतात, आणि एकेका वहींत निरुपद्रवी दिसणारी माहिती एकत्र आली म्हणजे माणसाची सारी दिनचर्या डोळ्यांपुढें उभी राहते. शिवाय प्रत्येक वेळीं बोट टेकलें कीं, केव्हां टेकलें याची नोंद मागें उरते. परवलीचा शब्द फुटला तर बदलतां येतो. बोट बदलतां येत नाहीं. उलटपक्षीं, ज्यानें जन्मभर माती, चुना, विटा वाहिल्या त्याच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात, आणि त्याच्याच ओळखीला यंत्र नकार देतें. ओळख शेजाऱ्याच्या डोळ्यांतून यंत्राच्या कांचेवर गेली, याची ही किंमत आहे.

कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनीं वयाच्या उतारीस, २०१२ सालीं, या योजनेविरुद्ध सुप्रीम कोर्टांत अर्ज केला. त्यांतूनच २४ ऑगस्ट २०१७ चा निवाडा निघाला. नऊ न्यायाधीशांनीं एकमुखानें सांगितलें कीं, खाजगीपण हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे. १९५४ व १९६२ चीं विरुद्ध मतें बाजूला पडलीं आणि सुब्बा राव यांचें भिन्न मत देशाचा कायदा झालें. पुढील वर्षीं २६ सप्टेंबरला पांच न्यायाधीशांपैकीं चौघांनीं ‘आधार’ योजना मान्य केली. सरकारी मदत आणि प्राप्तिकर यांच्याशीं असलेली तिची जोड कायम ठेवली. परंतु बँकेचें खातें व दूरध्वनी यांच्याशीं तिची सक्तीची जोडणी त्यांनीं रद्द केली, खाजगी कंपन्यांना या क्रमांकाचा वापर करूं देणारी तरतूद मोडून काढली, आणि ओळख पटविल्याच्या नोंदी सहा महिन्यांपेक्षां अधिक काळ ठेवूं नयेत, असें बजावलें. न्यायमूर्ति चंद्रचूड यांनीं तर सर्व कायदाच घटनाबाह्य असल्याचें भिन्न मत दिलें. २०१९ च्या दुरुस्तीनें बँकांना व दूरध्वनी कंपन्यांना हा क्रमांक ग्राहकाच्या आपखुषीनें वापरण्याची मोकळीक पुन्हां मिळाली.

‘आपखुषीनें’ हा शब्द पुन्हां एकदां समोर येतो. जोहान्सबर्गला तो उच्चारला गेला, तेव्हां नकार देणारा मनुष्य तुरुंगांत जात होता. म्हणून होकाराला अर्थ होता. जेथें नकार दिला तर खातें उघडत नाहीं, काम होत नाहीं किंवा शिधा मिळत नाहीं, तेथें होकार आपखुषीचा कीं नाइलाजाचा, हें कायद्याच्या अक्षरांवरून कळत नाहीं. तें खिडकीपुढें उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक असतें. २०२२ सालीं १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन नवा कायदा आला. त्यानें ठशांच्या जोडीला बुबुळें व शरीराचे नमुनेही घेतां येतात, आणि या नोंदी पंचाहत्तर वर्षें ठेवतां येतात. निर्दोष सुटलेल्या, पूर्वीं शिक्षा न झालेल्या माणसाच्या नोंदी मात्र, न्यायाधीशानें अन्यथा हुकूम केला नसेल तर, नष्ट करावयाच्या आहेत. २०२३ सालीं नागरिकांच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण सरकारला आपल्या कांहीं खात्यांना त्याच्या कक्षेंतून वगळण्याचा अधिकार त्याच कायद्यानें दिला आहे.

जंगीपूरपासून टेंभलीपर्यंतच्या या दीडशें वर्षांच्या वाटचालींतून एक गोष्ट स्पष्ट होते. ठसा हा स्वभावतः शत्रूही नाहीं आणि मित्रही नाहीं. हुगळीच्या म्हाताऱ्या पेन्शनराला त्यानें आधार दिला, सोलापूरच्या वसाहतींतील निरपराध माणसाला त्यानें जखडलें. म्हणून प्रत्येक नव्या यंत्रापुढें, तें बोट पाहणारें असो कीं चेहरा, चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत. हात दिला गेला कीं धरला गेला? ज्या कामासाठीं ठसा घेतला त्याच कामापुरता तो वापरला जातो काय? काम संपल्यावर तो किती दिवस ठेवला जातो? आणि तो पाहणारा कोणापुढें जबाबदार आहे? पाटलाच्या नांगरापुढें बसलेल्या गोताला सारा गांव ओळखत होता. वावगें घडलें तर त्यालाही तोंड दाखवावें लागे. यंत्रामागें बसलेल्या सत्तेला तसेंच तोंड दाखवावयास लावणें, हें आतां कायद्याचें काम आहे. आणि कायदा तें करतो कीं नाहीं, यावर जागता पहारा ठेवणें हें नागरिकाचें.